मांडव सोडून आढ्याला हात

जुलैचा शेवटचा आठवडा होता. मालवणात चार दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नव्हतं, आणि आमचा रिलीजचा बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून द्यायचा प्रोग्राम बांधायचं काम, पडलं. प्रोग्राम पडणं आम्हाला नवीन नाही. इथे मात्र प्रोग्राम तयारच झाला नव्हता. तो तयार करणारा, स्काला या प्रोग्रामिंग भाषेचा कंपाइलर मधेच कोसळला आणि पडद्यावर दोन-अडीचशे ओळी ओकून गप्प झाला. चूक आमचीच होती, एका ओळीची, आणि ती सापडायला पावणेदोन दिवस गेले. तेवढ्याचसाठी हे लिहायला बसलो नसतो. ती ओळ शोधताना तिच्या आसपास जे सापडलं ते कंपाइलरला काही त्रास न देता थेट बंदरावर पोचलं असतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

आधी काम काय ते सांगतो. आम्ही तिघं. बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर बसतो. मासळीच्या लिलावाच्या पावत्या करणारा प्रोग्राम आमचा आहे: होडी कुठली, तांडेल कोण, मासळी कुठली, वजन, बोली, घेणारा, आणि त्यातून बर्फ-डिझेलची वजावट. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळे आमच्या वर्षाची सगळी डागडुजी या दोन महिन्यांत उरकावी लागते. जाळी विणणारे जाळी विणतात, आम्ही कोड विणतो. १ ऑगस्टला बंदी उठते. जुनी माणसं नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत ते वेगळं, पण प्रोग्राम एक तारखेला तयार हवाच. ज्या संस्थेसाठी हे करतो तिथल्या काकांचं दर जुलैला एकच वाक्य असतं, "एक तारखेक पावती फाटाक व्हयी, बाकीचा माका सांगा नको."

बंदरावरच्या खिडकीत जे यंत्र आहे ते छोटं, मेमरी कार्डावर चालणारं. खाऱ्या हवेत पंख्याचं यंत्र टिकत नाही, म्हणून बिनपंख्याचं घेतलं. मागच्या हंगामात ऑक्टोबरात त्याचं कार्ड भरलं. आमच्याच लॉगने भरलं, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या ज्या नोंदी लिहीत जातो त्यांनी. प्रत्येक बोलीमागे आम्ही पाच-सहा ओळी लिहीत होतो, आणि ऐन सुरमईच्या लिलावात पावती छापायची थांबली. त्या दिवशी काका जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा ठरलं, की खिडकीवरच्या बिल्डमधून खालच्या पातळीचे, म्हणजे कमी महत्त्वाचे, लॉग मुळातच काढून टाकायचे. कचेरीतल्या बिल्डमध्ये राहू द्यायचे, कारण तिथेच आम्ही दोष शोधतो.

स्कालामध्ये यासाठी तयार सोय आहे. २.८ या आवृत्तीपासून भाषेच्या मानक लायब्ररीत 'इलायडेबल' नावाचं अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडवर लावायची एक खूण, मिळतं. मेथडच्या, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या, डोक्यावर ही खूण लावायची आणि कंसात एक आकडा द्यायचा. आकड्यांना नावं आहेत आणि ती जावाच्या लॉगिंगमधल्या पातळ्यांशी जुळवलेली आहेत: फाइन ५००, कॉन्फिग ७००, इन्फो ८००, वॉर्निंग ९००, सिव्हिअर १०००. मग कंपाइलरला 'इलाइड-बिलो' हा पर्याय आकड्यासकट द्यायचा. खुणेचा आकडा त्याहून लहान असला तर त्या मेथडच्या हाका (तिला जिथे जिथे वापरलं त्या जागा) कोडमधून जातात आणि मेथडच्या पोटातला मजकूरही जातो. 'त्याहून लहान' हे नीट वाचायचं. ८०० दिलं तर इन्फो जात नाही, फाइन जातं. म्हणून आम्ही ९०० दिलं.

यातली खरी कमाई हाकेसोबत तिचे अर्ग्युमेंटही, म्हणजे तिला दिलेला मालही, जातात ही. साध्या लॉगरमध्ये पातळी बंद असली तरी आत द्यायची स्ट्रिंग (मजकूर) आधी जुळवली जाते आणि मग फेकली जाते. इथे ती जुळवलीच जात नाही. हे ऐकून मला इतका आनंद झाला, की पुढचं वाचायची तसदी मी घेतली नाही. पर्याय दिलाच नाही तर त्याची मूळ किंमत सगळ्यात खालची असते, म्हणजे काहीच काढलं जात नाही. तेव्हा ही खूण कुठेही लावली तरी ती नुसती चिकटून बसते. ना काम, ना तक्रार. हेच पुढे महागात पडलं.

खुणा लावायचं काम आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने जूनमध्ये केलं. ती कुडाळची, कामाला चोख. कोड मी तपासला आणि मीच होकार दिला. कचेरीतला बिल्ड महिनाभर सुरळीत चालला, चाचण्या हिरव्या. खिडकीचा बिल्ड आम्ही फक्त रिलीजच्या वेळी करतो, कारण तो बंदरावर न्यायचा असतो आणि बंदर तर बंद. म्हणजे इलाइड-बिलो हा पर्याय या नव्या कोडला पहिल्यांदा भेटला तो २६ जुलैला.

पहिला अर्धा दिवस आम्ही चुकीच्या झाडावर चढलो होतो. कंपाइलर कोसळला की माणसाला आपल्या कोडचा संशय येतच नाही. मी मेमरी वाढवली. जुने क्लास पुसून सगळं नव्याने बांधलं. मग प्रिंटरच्या लायब्ररीवर संशय घेतला, कारण तिच्याचमुळे आम्ही अजून स्काला २.११ वर अडकून आहोत आणि तिच्याबद्दल मनात आधीच राग आहे. मधे दोन तास वीज गेली, इन्व्हर्टरने मान टाकली, आणि एका अर्थी ते बरंच झालं. पडद्यावरचं आउटपुट मी कागदावर छापून ठेवलं होतं. मेणबत्तीत बसून ते पहिल्यांदा नीट वाचलं.

स्कालाचा कंपाइलर मरताना बरंच काही सांगून मरतो. कुठली फाइल चालू होती, कुठला टप्पा चालू होता, लायब्ररी आणि कंपाइलरच्या आवृत्त्या, त्याला मिळालेले पर्याय पुन्हा जुळवून, आणि 'टायपरकडे गेलेलं शेवटचं झाड'. झाड म्हणजे कंपाइलरने आत केलेली कोडची फांद्याफांद्यांची मांडणी, आणि टायपर म्हणजे कुठे आकडा, कुठे मजकूर असे प्रकार तपासणारा टप्पा. या शेवटच्या ओळीने आजवर माझा जितका वेळ खाल्ला आहे तितका दुसऱ्या कशाने नसेल. ते झाड बहुतेक वेळा निर्दोष असतं. बिचारं दार बंद होताना उंबऱ्यात उभं होतं एवढंच. त्या दिवशी तिथे प्रिंटरच्या फाइलमधला एक तुकडा दिसत होता आणि माझा राग आणखी वाढला होता. कामाची ओळ पर्यायांची होती. ती मुलगी म्हणाली, "दादा, कचेरीतल्या बिल्डमध्ये हा इलाइड-बिलो नाहीये." एवढंच. वीज आल्यावर तो पर्याय काढून बिल्ड केला. झाला. परत घातला. पडला.

मग टप्प्याचं नाव पाहिलं. स्काला २ चा कंपाइलर कोड एका दमात उलटवत नाही. पार्सर, नेमर, टायपर, मग पिकलर, रेफचेक्स, अनकरी, पुढे इरेजर, लॅम्बडालिफ्ट, मिक्सिन असं करत शेवटी बाइटकोड. अहवालातला टप्पा अनकरीच्या पुढचा होता. अनकरीचं मुख्य काम मेथडच्या अनेक पॅरामीटर-याद्या एकत्र करणं, पण इलायडेबलची छाटणीही तिथेच होते. कुठल्याही टप्प्यानंतर झाड छापून दाखवायची सोय कंपाइलरमध्ये आहे. अनकरीनंतरचं झाड छापलं आणि फायलींमागून फायली पाहत गेलो. एका फाइलमध्ये पॅकेजच्या आत, जिथे आमचं आख्खं 'नोंदवही' नावाचं ऑब्जेक्ट, म्हणजे लॉगच्या मेथड एकत्र ठेवणारं खोकं, असायला हवं होतं, तिथे एकच शब्द उभा होता: नल, म्हणजे 'काहीच नाही'.

मूळ फाइल उघडली. खूण मेथडवर नव्हती. ऑब्जेक्टवर होती.

"मेथड चौदा होत्या," ती म्हणाली. "सगळ्यांवर एकेक लावण्यापेक्षा वरच एकदा लावली." यात तिचं काय चुकलं हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नाही. वर लावलेली खूण खाली लागू होते असं समजणं अगदी साहजिक आहे, कितीतरी ठिकाणी तसं असतंही. आणि मी ती ओळ वाचून पुढे गेलो होतो.

आत काय घडलं ते आमच्याकडच्या मांडवावरून चटकन कळतं. खळ्यातला मांडव मे संपता संपता उतरवतात. आता समजा तुम्ही गड्याला सांगितलंत, की ज्याच्यावर खडूची फुली असेल ते काढ आणि त्या जागी भोक राहायला नको म्हणून एक काठी ठेव. फुल्या झापांवर आणि पोफळीच्या वाशांवर आहेत तोवर काम उत्तम. पण कुणी चुकून घराच्या आढ्यावर फुली मारली तर गडी तेही काढतो, कारण त्याला मांडव आणि घर यातला फरक विचारायला कुणी सांगितलेलंच नाही. आढ्याच्या जागी काठी ठेवून तो निघून जातो. कौलं चढवणारा मागून येतो, तो पडतो. बोंब होते ती त्याच्या नावाने.

अनकरी हा तो गडी. त्याला झाडातला एखादा नोड, म्हणजे एक फांदी, दिसतो, त्या नोडच्या नावावर खूण आहे का आणि आकडा ९०० हून लहान आहे का, एवढंच तो बघतो. नोड मेथडची व्याख्या असेल तर तिचं पोट रिकामं करून सही, म्हणजे नाव आणि घेण्या-देण्याचे प्रकार, शाबूत ठेवतो. बाकी काहीही असेल तर त्या जागी त्या प्रकाराचं 'शून्य' ठेवतो. मेथडच्या हाकेसाठी हे बरोबर आहे. पण आमच्या ऑब्जेक्टची व्याख्या हाही एक नोड आणि त्याच्यावरही खूण, म्हणून आख्ख्या व्याख्येच्या जागी नल बसलं. कंपाइलरच्या नावांच्या तक्त्यात नोंदवही आहे, झाडात नाही. पुढचा टप्पा तक्त्यावर विसंबून झाडात शोधायला गेला आणि कोसळला. ज्या फायली नोंदवहीला हाक मारत होत्या त्यांच्यातही नोंदवहीच्या जागी नल बसलं होतं. कंपाइलर तगला असता तर पहिल्याच बोलीला खिडकीत नल-पॉइंटरची चूक आली असती.

टायपरने आधीच का नाही अडवलं, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याच्या वेळी सगळं जागेवर होतं. प्रकारांची तपासणी पूर्ण कोडवर होते, छाटणी नंतर. छाटलेल्या कोडला प्रकारांच्या नजरेतून पुन्हा कुणी बारकाईने बघत नाही.

कंपाइलरने कोसळणं हा कंपाइलरचाच दोष, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चुकीच्या कोडला त्याने नीट नकार द्यायला हवा. पुढच्या काळातल्या स्काला २ मध्ये तसं झालंही आहे. मेथड नसलेल्या गोष्टीवर ही खूण लावली, की आता सरळ चूक दाखवली जाते. आम्ही मागे राहिलो होतो, म्हणून आम्हाला जुन्या पद्धतीने कळलं.

दुरुस्ती पाच मिनिटांची. ऑब्जेक्टवरची खूण काढली, चौदा मेथडवर लावली. बिल्ड झाला. रात्रीचे साडेनऊ, २७ जुलै. मी संगणक बंद करत होतो. ती म्हणाली, "बाकीच्या खुणा पण बघूया का एकदा?" मला खरं तर घरी जायचं होतं.

प्रकल्पभर शोधलं, २३ खुणा निघाल्या, या चौदा धरून. चौदांपैकी तेरा मेथड काहीच परत न देणाऱ्या, स्कालाच्या भाषेत युनिट. त्यांच्या हाका गेल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. चौदावी मेथड लॉगची ओळ लिहून त्या नोंदीचा क्रमांक परत देत होती. पूर्णांक. आणि तो क्रमांक दोन वर्षांपूर्वी कुणीतरी, म्हणजे मीच, पावतीचा क्रमांक म्हणून वापरायला सुरुवात केली होती.

छाटलेल्या हाकेच्या जागी जे शून्य बसतं ते प्रकारानुसार ठरतं. युनिटला युनिट. बुलियनला, म्हणजे खरं-खोटं सांगणाऱ्या प्रकाराला, फॉल्स. आकड्याला ०. स्ट्रिंग किंवा इतर ऑब्जेक्टला नल. म्हणजे रात्री साडेनऊला तयार झालेला, एकही सूचना न देता पार पडलेला तो बिल्ड बंदरावर गेला असता तर प्रत्येक पावतीवर क्रमांक ० छापला असता. पहिल्या होडीच्या पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत. वजावटीचा हिशेब पावतीच्या क्रमांकावर बांधलेला आहे, त्यामुळे दिवसभराच्या सगळ्या होड्यांचं बर्फ आणि डिझेल एकाच पावतीवर चढलं असतं. आणि कचेरीत हे कधीच दिसलं नसतं, कारण कचेरीच्या बिल्डला तो पर्यायच नाही आणि आमच्या साऱ्या चाचण्या कचेरीच्या बिल्डवर चालतात.

घरी जायचं राहिलं.

उरलेल्या नऊपैकी आणखी एक तशीच निघाली. नोंदवलेलं वजन त्या मासळीच्या मानाने अशक्य वाटतं का, ते सांगणारी मेथड. काट्यावर हात राहिला की ४० किलोचे ४०० व्हायला वेळ लागत नाही, म्हणून ती ठेवलेली. बुलियन परत देणारी, खूण फाइनची. ती छाटली की उत्तर कायम फॉल्स, म्हणजे 'अशक्य नाही'. काटा काहीही म्हणो, खिडकी म्हणणार ठीक आहे. ही मेथड मूळची दोष शोधण्यासाठी लिहिलेली, म्हणून तिच्यावर ती खूण. पुढे ती खऱ्या तपासणीसाठी वापरात आली आणि खूण तशीच राहिली.

तीन खुणांनी उलटी गंमत केली होती, त्या काही काढतच नव्हत्या. पातळीसाठी आम्ही स्वतःचा एक आकडा ठरवला होता, ६००, आणि तो साध्या 'व्हॅल'मध्ये, म्हणजे नाव दिलेल्या किमतीत, ठेवला होता. खुणेतला आकडा कंपाइलरला बांधणीच्या वेळीच ठाऊक असावा लागतो. स्कालात त्यासाठी 'फायनल व्हॅल' लिहावं लागतं आणि प्रकार लिहायचा नसतो, तरच तो खरा स्थिरांक होतो. लायब्ररीतल्या पातळ्याही तशाच लिहिलेल्या आहेत. आमचा आकडा स्थिरांक नव्हता, म्हणून खूण निमूटपणे दुर्लक्षित झाली. म्हणजे तीच खूण एका ठिकाणी कंपाइलर पाडते, दुसऱ्या ठिकाणी चुकीचं उत्तर पेरते आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच करत नाही. यातल्या फक्त पहिल्या प्रकारात कुणीतरी ओरडतं.

बाकीच्या पाच ठीक होत्या.

हे पाहताना आणखी एक जागा डोळ्यांत भरली. दिलेली अट खरी नसली तर प्रोग्राम थांबवणारे स्कालाचे 'असर्ट' आणि 'अझ्युम' हेसुद्धा आतून इलायडेबलच आहेत, त्यांची पातळी २०००. या तपासण्या बंद करण्याचा जो वेगळा पर्याय आहे तो म्हणजे इलाइड-बिलो २००१ चंच दुसरं नाव. तशीच अट तपासणारं 'रिक्वायर' मात्र यात नाही. ते हाक मारणाऱ्याची चूक पकडतं, म्हणून ते कधी छाटलं जात नाही. आम्ही ९०० दिल्यामुळे असर्ट वाचले होते. पण मेमध्ये एकदा 'तेही बंद करूया, थोडा वेग मिळेल' असं माझ्याच तोंडून निघालं होतं. आता शोधलं तर एका असर्टच्या कंसात, आतच, बोली यादीत जमा करणारी हाक होती. जमा झाली की ट्रू मिळतं, ते असर्ट तपासतं. असर्ट बंद केलं असतं तर अर्ग्युमेंटसकट गेलं असतं, आणि बोली जमाच झाली नसती. जावामध्ये १.४ पासून असर्ट आहे. ते मुळात बंद असतं, चालवताना मुद्दाम चालू करावं लागतं, त्यामुळे असला कोड तिथे पहिल्याच दिवशी उघडा पडतो. आमच्याकडे तो तीन वर्षं लपून राहिला.

सी शार्पमध्ये याच जातीची 'कंडिशनल' नावाची सोय आहे, आणि तिथे काही परत देणाऱ्या मेथडवर ती लावलीत तर कंपाइलर तिथल्या तिथे नकार देतो. मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं. जी गोष्ट काढून टाकायची आहे तिच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवायचीच कशाला? स्कालाने शून्य देऊन वेळ मारून नेली आहे, आणि शून्य हा मासळीच्या हिशेबात एक खराखुरा आकडा असतो.

२८ तारखेला बदल केले ते असे. पावतीचा क्रमांक लॉगपासून तोडला आणि त्याला स्वतःचा मोजणारा दिला. वजनाच्या तपासणीवरची खूण काढली. असर्टमधली हाक बाहेर काढून आधीच्या ओळीवर ठेवली, निकाल एका व्हॅलमध्ये, आणि असर्ट फक्त तो व्हॅल बघतं. लॉगच्या बहुतेक मेथडवरून मी खूण उतरवलीच आणि त्यांचं अर्ग्युमेंट 'बाय-नेम' केलं, म्हणजे पातळी बंद असली तर स्ट्रिंग जुळवली जात नाही. प्रत्येक हाकेमागे एक छोटं ऑब्जेक्ट तयार होतं, ते मला चालतं. कार्ड भरतं ते लिहिण्याने, छोट्या ऑब्जेक्टने नाही. जे मला ऑक्टोबरातच सुचायला हवं होतं ते कंपाइलर पडल्यावर सुचलं. खुणा आता फक्त चार उरल्या आहेत, चारही युनिटच्या मेथडवर.

आणि खिडकीचा बिल्ड आता दर कमिटला, म्हणजे कोडमधला बदल जमा केला की दर वेळी, होतो, आणि त्याच्यावरही त्याच चाचण्या चालतात. त्यात चाळीसेक सेकंद जास्त जातात. बिल्डच्या सुरुवातीला त्या मुलीने एक तपासणीही घातली, की खूण युनिट नसलेल्या मेथडवर दिसली तर बिल्ड थांबवायचा. साधा मजकूर शोधणारी स्क्रिप्ट, काही ओळींची. परत देण्याचा प्रकार लिहिलेला नसेल तर ती फसते, म्हणून आमच्याकडे नियम झाला, की खूण असेल तिथे प्रकार लिहायचाच.

१ ऑगस्टला समुद्र खवळलेला होता, तीन नंबरचा बावटा, एकही होडी गेली नाही. काका सकाळी आठला खिडकीत येऊन बसले होते. मी प्रिंटर चालू आहे का ते बघायला गेलो तर म्हणाले, "काय रे, पावती फाटता मां?" कोरी चाचणी-पावती काढून हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, क्रमांकावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "ह्यो एक खयचो? होडी तर गेलीच नाय." चाचणीचे क्रमांक वेगळे ठेवायचे राहून गेले होते. ते त्या दिवशी दुपारी केलं.